वहिनीचं पहिलं

आमच्या घरात पाळी हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. आई ‘अडचण’ म्हणायची, शेजारच्या बाया ‘कावळा शिवला’ म्हणायच्या, आणि बाबा काहीच म्हणायचे नाहीत. ते तहसिलीतून घरी आले की हातपाय धुताना मागच्या सपरीकडे, पडवीकडे, एक नजर टाकायचे. तिथं वहिनी सतरंजी टाकून बसलेली दिसली की आज वरणाला चव नसणार हे समजून मुकाट्यानं पाटावर येऊन बसायचे. वहिनी बाहेर बसली की स्वयंपाक माझ्याकडे यायचा, आणि त्या विषयात मी आयुष्यभर नापास आहे. आईच्या हातांना वात होता. बोटं वाकडी झाली होती, भाकर थापायला गेली की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे सौंसरच्या आमच्या चार खोल्यांच्या घरात चूल सांभाळणारी खरी एकच, माझ्या दादाची बायको, शालूवहिनी.

वहिनी तिगावची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली. चौथी शिकलेली होती, पण दादाचं वर्तमानपत्र बोट ठेवून ठेवून रोज वाचायची. मी जागी व्हायची ती तिच्या बांगड्यांच्या आणि भाकर थापण्याच्या आवाजानं. तिच्या हातची पातोडीची भाजी मी नंतर नागपुरात कितीदा तरी करून पाहिली, एकदाही जमली नाही. महिन्यातले सव्वीस दिवस ती बसलेली मला आठवतच नाही. बसायची ती फक्त त्या चार दिवसांत, मागच्या सपरीत. वेगळं ताट, वेगळा लोटा, कुणी शिवायचं नाही. मी तेव्हा चार बुकं शिकलेली, मला त्या प्रकाराचा संताप यायचा. आजही येतो. पण हेही सांगायला हवं की त्या चार दिवसांत वहिनी उन्हाकडे पाय पसरून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, तोंडातल्या तोंडात गाणं म्हणायची, आणि माझ्या करपलेल्या भाकरी पाहून मनसोक्त हसायची. तिला घरात कुणी हाक मारत नसे. त्या गोधडीचे टाके बारीक, एकसारखे होते, आणि ती कधी पुरी व्हावी अशी तिला घाई नव्हती.

त्या वर्षी मी बारावीला होते. विज्ञान घेतलेल्या आम्ही वर्गात तिघीच मुली. मला नागपूरला शिकायला जायचं होतं, आणि बाबांनी अट घातली होती की पहिली श्रेणी आली तरच. अभ्यासाच्या ऐन वेळी पुढ्यात कणकेची परात आली की माझा जीव जायचा. महिन्यातले चार दिवस गेले, सहामाही गेली, वर्ष गेलं, असा हिशेब मी मनात करायची आणि सपरीत बसलेल्या वहिनीवर चिडायची, जणू ती मुद्दाम करत होती.

गोळ्या घरात आणल्या त्या मात्र आईनं. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस आणि वहिनीची तारीख एकच येत होती. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे वर्षाचा सण. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं सोवळ्यात, आणि करणारी एकटी वहिनी. गल्लीतल्या बाया अशा वेळी दवाखान्यातल्या सिस्टरकडून गोळ्या आणत, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या असंच त्याला म्हणत. त्या आणखी कशाच्या असतील हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. सणाआधी घ्यायच्या, सण झाला की सोडायच्या, जसं उपासाला साबुदाणा. आईनं मला पाठवलं, कारण दवाखाना माझ्या शाळेच्या वाटेवर होता.

सिस्टर छिंदवाड्याकडची, हिंदी बोलणारी, कामात चोख. वहिनीचं डोकं दुखतं का, बीपी आहे का, असं तिनं विचारलं आणि मी माहीत नसताना नाही नाही म्हणत गेले. मग दोन पाकिटं दाखवून समजावलं. एका पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या, सात तांबड्या. पहिल्या पांढऱ्या संपल्या की तांबड्यांना हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या सुरू. असं करत राहिलं तर पाळी येत नाही. पाकीट माझ्या हातात देण्याआधी ती थांबली आणि तिनं विचारलं, की तुझ्या वहिनीला इतक्यात मूल नको आहे ना? कारण ह्या घेत असेपर्यंत मूल राहायचं नाही. सोडल्या की राहील, नुकसान काही नाही, पण तिला हे नीट सांग.

सतरा वर्षांची मी, मागं ओळीत दोन ओळखीच्या बाया उभ्या. मी म्हटलं, नाही, नको आहे. लग्नाला दोन वर्षं झालेल्या माझ्या वहिनीच्या वतीनं हे उत्तर मी दिलं. दर सोमवारी ती महादेवाला कशासाठी जात होती हे मला ठाऊक असताना दिलं. पाकिटावर हिंदीत स्पष्ट छापलेलं होतं की ह्या गोळ्या कशाच्या. तेव्हा मला वाटलं, एका सणापुरता प्रश्न आहे, उगाच वहिनीला लाज कशाला. घरी आल्यावर कागदी पाकीट मी पाणी तापवायच्या बंबात घातलं आणि नुसती गोळ्यांची चकचकीत पत्ती तिच्या हातात दिली.

महालक्ष्म्या छान झाल्या. वहिनीनं ओल्या नेसणीत पुरण शिजवलं, आई तिच्यामागं कौतुकानं फिरली, जेवणाला पन्नास पानं उठली. विसर्जन झालं त्या संध्याकाळी दुसऱ्या पाकिटातल्या काही पांढऱ्या गोळ्या उरल्या होत्या. वहिनी त्या परत देऊ लागली, तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी म्हटलं, वैनी, आता थांबवू नका. नवरात्र आहे, मग दिवाळी, मग माझी सहामाही. मी आणत जाईन. आईला सांगू नका, ती जास्त गोळ्या म्हटलं की घाबरते.

वहिनी लगेच हो म्हणाली नाही. ती भांडी पुसत होती. एक पातेलं पुसून पालथं घालत म्हणाली, “ताई, त्या चार दिवसांतच तं मी माही असते.”

मला ते तेव्हा कळलं नाही. मी परीक्षेचं रडगाणं गायले, नागपूरचं स्वप्न सांगितलं, डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. ती हसली. “बरं, तुमच्या परीक्षेपुरतं घेते,” म्हणाली आणि गोधडी घडी करून पेटीत ठेवून दिली.

मग मी राजासारखी अभ्यास करत राहिले. आयतं ताट यायचं, संध्याकाळी चहा यायचा, पाणी भरायची माझी पाळीसुद्धा वहिनी हळूच उरकून टाकायची. तांबड्या गोळ्या मी गुलाबाच्या कुंडीत पुरायची. मध्ये दोनदा तिला डाग दिसले, देवघरात असतानाच. ती पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. मी पुस्तकातून मान वर न काढता सांगितलं की गोळ्यांनी असं होतं, कुणाला बोलू नका. गोळ्यांनी डाग दिसतात हे खरंच होतं. पण आपण विटाळात देवाला शिवलो या धास्तीनं तिनं दोन दिवस अन्न घेतलं नाही हे मला आईकडून कळलं, आणि तरी मी गप्प राहिले. सकाळी तिला मळमळायचं. तेही गोळ्यांचंच होतं.

आईचा समज असा की गोळ्या महालक्ष्म्यांबरोबर संपल्या. ती वाकड्या बोटांवर महिने मोजत होती, आणि कार्तिक सरता सरता तिनं चुलीजवळ वहिनीला धरलं. “शालू, दसरा झाला, दिवाळी झाली, तू काही बाहेर बसली नाईस बाप्पा,” म्हणाली. वहिनी खाली मान घालून राहिली. आईनं त्याचा अर्थ तिला हवा तो घेतला. तिनं वहिनीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, ते दुखरे हात, आणि मग देवापुढे जाऊन खूप वेळ बसली. मी दारात उभी होते. तिथंच बोलले असते तर फार तर मला शिव्या बसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडाजवळ वहिनीनं मला गाठलं. तिला आईला गोळ्यांचं सांगून टाकायचं होतं. पण त्याआधी तिला एक विचारायचं होतं, आणि ते विचारताना तिचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता इतका हळू झाला होता.

“ताई, गोळीनं पाळी थांबते ते समजलं. पन पोटात काही राह्यचं असन तं तेही थांबते काय?”

माझी सहामाही सुरू झाली होती. रसायनाचा पर्चा परवा होता. खरं सांगितलं तर आईपर्यंत जाणार, मी दवाखान्यात काय उत्तर दिलं ते निघणार, पाकीट बंबात घातलेलं निघणार. आणि वहिनी उद्यापासून सपरीत, मी परातीपुढे. हे सगळं मी तिच्या प्रश्नानंतरच्या एका श्वासात मोजलं. हुशार मुलगी म्हणून माझं नाव होतंच.

“नाई वैनी,” मी म्हटलं. “गोळीचं काम पाळीपुरतं.”

“म्हंजे असू शकते?”

“असू शकते.”

त्यानंतर वहिनी जशी दिसू लागली तशी मी तिला पुन्हा पाहिलं ते पुढे तिच्या थोरल्या मुलाच्या वेळी. चालताना हात आपोआप पोटावर जायचा. तिला चिंच खावीशी वाटू लागली, आणि दादा, जो कधी बाजारात गेला नव्हता, तो खिशात चिंचा घालून आणू लागला. पत्तीतल्या उरलेल्या गोळ्या संपवून टाका असं मी तिला सांगितलं होतं आणि ती आज्ञाधारकपणे संपवत होती. नवी पत्ती आणायची माझी हिंमत झाली नाही, सिस्टर काय विचारेल या भीतीनं मी शाळेला दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागले होते.

तिसऱ्या महिन्यात आमच्याकडे चोरचोळी करतात. गाजावाजा नसतो, घरातल्या चार बाया, हिरवी चोळी, ओटी. वहिनीचे आईवडील तिगावहून आले, पांढुर्ण्याला बस बदलून, मांडीवर बगीच्यातल्या पहिल्या तोडीच्या संत्र्यांची टोपली घेऊन. तिच्या आईनं चोळी स्वतः शिवली होती, गळ्याला पिवळा गोट. माझ्या आईला ओटी भरताना एवढासा नारळही नीट धरता येईना, तेव्हा मी मधे हात लावला. म्हणजे ओटी आम्ही दोघींनी भरली. त्या क्षणी मी वहिनीच्या तोंडाकडे पाहायला नको होतं. आज मी डोळे मिटले तरी मला पुढचं सगळं आयुष्य आठवण्याआधी ते तोंड आठवतं. नंतर वहिनीनं टोपलीतलं एक संत्रं काढून तुळशीजवळ ठेवलं आणि मगच बाकीची सगळ्यांना वाटली. घरभर सालींचा वास सुटला होता.

गोळ्या आदल्या दिवशीच संपल्या होत्या. सिस्टरनं मला सांगितलं होतं, सोडल्या की तीन-चार दिवसांत येते. मी पाठ केलेलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी नळ आला नाही, आणि विहिरीवरून पाणी आणायची पाळी माझी होती. मी पुस्तक हातात घेऊन बसले होते. वहिनी गुंड घेऊन गेली, पितळेचा, पाण्यानं भरलेला, डोक्यावर घेऊन आली, आणि तो उतरवताना तिच्या पायांवरून रक्त आलं.

तीन-चार महिन्यांचं अडलेलं, नेहमीपेक्षा जास्तच होतं. आई मला सिस्टरला बोलाव म्हणाली. मी म्हटलं, सिस्टर छुट्टीवर गेली आहे. मला माहीत नव्हतं ती होती की नव्हती. मग गल्लीतली म्हातारी सुईण आली, तिनं पोट चाचपलं, मान हलवली आणि राह्यलं नाई म्हणाली. काय उचललं होतं, असं तिनं विचारलं. वहिनीनं भिंतीकडे तोंड केलं होतं. तिथूनच ती एक शब्द बोलली, “गुंड.”

आईनं तिला कधी दोष दिला नाही. द्यायची गरजच राहिली नाही, तो वहिनीनं स्वतःच घेतला. मागच्या सपरीत ती दहा दिवस पडून होती, त्याच सतरंजीवर. गोधडी कुणी तिच्याजवळ नेऊन ठेवली, तिनं हात लावला नाही. तिगावहून तिची आई पुन्हा आली, या वेळी रिकाम्या हातांनी. दादा कामावरून आला की सपरीच्या उंबऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी दहाही दिवस स्वयंपाक केला, बिनतक्रार, हात भाजून घेत. त्यानं काही फिटलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. रोज ताट नेऊन ठेवताना ओठांपर्यंत शब्द यायचे. वैनी, रडू नका, कोणी गेलं नाही. आणि रोज मी ताट ठेवून परत यायची.

मला पहिली श्रेणी मिळाली. नागपूरला शिकले, आणि नशिबाची गंमत बघा, जीवशास्त्राची शिक्षिका झाले. सगळी नोकरी मी फळ्यावर रंगीत खडूंनी गर्भाशय काढत राहिले. मुली लाजून खाली पाहायच्या, तेव्हा मी त्यांच्यावर डाफरायची की वर बघा, हे माहीत नसलं की काय होतं तुम्हाला कल्पना नाही. माझ्या मैत्रिणीची मुलगी तिच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं महिनोन्‌महिने अशाच गोळ्या घेते, पाळीच्या दुखण्यानं ती आडवी व्हायची, आता हिंडते-फिरते. मी तिला म्हटलं, खुशाल घे. गोळीचा दोष कधीच नव्हता. वहिनीला कळू दिलं नाही, तिच्या जागी मी ठरवलं, तिथं सगळं बिघडलं.

वहिनीला पुढच्याच वर्षी दिवस राहिले. दोन मुलगे झाले, दोघंही धडधाकट. पण दरवर्षी हिवाळ्यात तिगावहून पहिल्या तोडीची टोपली आली की कुणी तोंडात फोड घालण्याआधी ती एक संत्रं तुळशीजवळ ठेवायची. मुलांना वाटायचं देवाचं आहे. मला ठाऊक होतं कुणाचं आहे. कधी बोलता बोलता म्हणायची, माझं पहिलं आता कॉलेजात असतं, आता त्याचं लग्न झालं असतं. आणि पुढे तिनं दोन्ही सुनांना दिवस गेल्यावर पाण्याची बादली उचलू दिली नाही.

आई गेली, बाबा गेले, दादाही गेला. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी सौंसरला परत आले. आता आमचा जिल्हासुद्धा पांढुर्णा झाला, पाट्या बदलल्या. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी मागच्या सपरीत उन्हाला तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. तिची धाकटी सून पोटुशी होती, आणि वहिनी तिला बसल्या जागेवरून तिसऱ्यांदा ओरडून सांगत होती की बादलीला हात लावू नको. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. सिस्टरचा प्रश्न, माझं उत्तर, बंबात घातलेलं पाकीट, धुण्याच्या दगडाजवळचं खोटं.

“म्हंजे गुंडानं नाई गेलं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाई वैनी, गुंडाचा काही संबंध नव्हता. तिच्या तोंडावर काहीतरी सैल झाल्यासारखं मला दिसलं, आणि मला वाटलं, बरं केलं सांगितलं. मग तिनं विचारलं, “मंग कशानं गेलं?”

“कोणी नव्हतंच, वैनी. तुमच्या पोटात तेव्हा कोणी नव्हतं.”

तिच्या हातात एक शेंग होती. ती तिनं सोलली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मी आनंदानं घेतला असता.

“तुमाले बरं वाटून राह्यलं आता, ताई?”

मी हो म्हटलं, कारण तिच्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. बरं झालं, म्हणाली आणि दुसरी शेंग घेतली. त्या दिवशी मला कळलं की दोष तिच्या डोक्यावरून उतरवताना मी तिच्या मांडीवरचं मूलही उचलून नेलं. एकदा मी तिला नसलेलं मूल दिलं, आणि इतक्या वर्षांनी, ते तिनं मनात वाढवून मोठं केल्यावर, माझं मन हलकं व्हावं म्हणून परत घेतलं.

यंदाची टोपली मागच्या आठवड्यात आली. मी मुद्दाम अंगणात घुटमळत राहिले. वहिनीनं टोपलीवरची पानं बाजूला केली, वरचं संत्रं उचललं आणि ओट्यावर बसली. तुळशीजवळ काही नव्हतं. माझ्यानं राहवलं नाही, मी म्हटलं, वैनी, ठेवायचं राहिलं.

“कोनासाठी, ताई?”

तिनं ते संत्रं सोललं, अर्धं मला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. यंदा गोड आहे, म्हणाली.